सोसण्याजोगा आकडा

९ मार्च

बोललो. तोंडातून गेलं ते गेलंच.

काल संध्याकाळी टीव्हीवर. विषय महिनाभर चाललाय तोच — नदीपलीकडची टेकडी घ्यावी की घेऊ नये. समोर एक निवृत्त जनरल, आवाज नगाऱ्यासारखा. दोनदा म्हणाला, "हे खुर्चीतले पंडित! यांनी कधी लष्करी बूट तरी घातलेत का?" निवेदिका हसली. मीही हसलो, पण आतून जळलो. निम्मी नोकरी मंत्रालयात संरक्षण धोरणाच्या फायलींत घालवली, उरलेली संरक्षण महाविद्यालयात अधिकाऱ्यांना शिकवण्यात — आणि हा मला बुटांवरून बोलणार!

मग निवेदिकेने विचारलं, "सर, पण माणसं जातील त्याचं काय?"

आणि मी चष्मा काढला. अगदी सावकाश म्हणालो, "प्रत्येक देशाचा सोसण्याजोगा एक आकडा असतो. त्याच्या आत राहिलं की ती हानी नसते, किंमत असते."

स्टुडिओ गप्प. जनरलसुद्धा गप्प. मला — लिहूनच टाकतो — मला मजा आली.

घरी आलो. ही म्हणाली, "कॉलरला पावडर लागलीये." एवढंच.

आज सकाळी वहिनींचा फोन. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी एकट्या राहतात. एकुलता एक मुलगा सैन्यात कॅप्टन. कुठे आहे? त्याच नदीच्या काठावर!

"भावोजी, चहा झाला का?"

"झाला."

"काल बघितलं तुम्हाला. कोट छान दिसत होता." मग म्हणाल्या, "भावोजी, सोसण्याजोगा म्हणजे किती हो?"

म्हटलं, वहिनी, ते तसं नसतं, ते तात्त्विक बोलणं असतं.

"अच्छा. तात्त्विक," म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागाने नाही. गॅसवर दूध होतं म्हणे.

१० मार्च

माझं ते वाक्य मोबाइलवर फिरतंय. खाली कुणीतरी लिहिलंय — "याला म्हणतात वाघ." वाघ! झुरळ दिसलं तर हिला हाक मारतो मी.

१२ मार्च

वर्गात शिरलो तर टाळ्या. एक कर्नल उभा राहून म्हणाला, "सर, त्या दिवशी धुऊन काढलंत अगदी!" सगळे गणवेशात, सगळे माझ्याहून तरुण, सगळ्यांनी कधी ना कधी गोळीचा आवाज ऐकलेला. मी एकटा न ऐकलेला. वीस वर्षांचा असताना सैन्यात जायला निघालो होतो. डोळ्यांच्या तपासणीत घरी पाठवलं. फळ्यावरची खालची ओळ वाचता आली नाही. त्यानंतर जन्मभर दुसऱ्यांना फळ्यावरच्या ओळी वाचायला लावतोय.

खरं म्हणजे ते वाक्य टीव्हीवर सुचलेलं नाही. माझ्या तिसऱ्या व्याख्यानातलं आहे ते. दर वर्षी म्हणतो, दर वर्षी ते उतरवून घेतात. एक विद्यार्थी होता, त्याला मी मनातल्या मनात पोपट म्हणायचो — माझी वाक्यं स्वल्पविरामासकट परत करायचा. आता तो सैन्याच्या बदल्या बघणाऱ्या शाखेत मोठा अधिकारी आहे. काल त्याचाही निरोप आला: "सर, तिसरं व्याख्यान!"

इतकी वर्षं बंद खोलीत बोललो तेव्हा काही वाटलं नाही. वहिनींनी ऐकलं आणि लाज वाटली. म्हणजे वाक्याची लाज नाहीच. पकडलं गेल्याची.

१४ मार्च

वहिनींकडे गेलो. ही म्हणालीच होती, "फोनवर नका सारवासारव करू, जाऊन या."

वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. भिंतीवर भोपळ्याचा फोटो — पुतण्याचा. लहानपणी असा गोल होता की दादाने नाव ठेवलं भोपळा. आता गालफडं बसलीत, हनुवटीला कोपरे आलेत, तरी घरात भोपळाच. त्याच्या पलटणीत कळलं तर जवान हसून मरतील.

मी बरंच बोललो. संदर्भ, धोरण, चर्चेत वाक्य कसं तुटून पुढे जातं, वगैरे. वहिनी सोलत राहिल्या. मी संपलो तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही बुद्धीची माणसं, भावोजी. आकडे मांडावेच लागत असतील. मीपण बसून एक आकडा काढलाय."

"किती?"

"भोपळा."

हसल्या नाहीत. शून्य म्हणाल्या की पोराचं नाव घेतलं, विचारायची हिंमत झाली नाही. वाटीभर दाणे पुढे केले. "खा. गोड आहेत." खाल्ले. दुसरं काय करणार!

१८ मार्च

आज मंत्रालयातून बोलावणं. इथे लिहू नये असं आहे. लिहितोय.

खिडकी नसलेली खोली. मोबाइल बाहेर, कप्प्यात ठेवून किल्ली बरोबर घ्यायची. पाण्याच्या ग्लासांवर कागदी टोप्या. एसी इतका की पायाची बोटं बधिर. पाच-सहा माणसांची समिती, तिच्यात आता मीही; भिंतीवर नकाशा. नोकरीत असताना या खोलीच्या दारापर्यंत फायली आणून देत होतो. आत कधी कुणी घेतलं नव्हतं.

सचिव — माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलणं मधासारखं — म्हणाले, "पाणी उतरलं की टेकडीवर जायचं, हे ठरल्यात जमा आहे. मंत्र्यांना फक्त एक गोष्ट हवीये. हानीचा अंदाज. सर, तुमच्याइतकं स्वच्छ कोण मांडणार?"

म्हणजे ते टीव्हीवरचं वाक्यच मला त्या खोलीत घेऊन गेलं.

नकाशावर निळी टाचणी. टाचणीखाली पलटणीचा क्रमांक. भोपळ्याची पलटण.

नियम साधा आहे, मीच शिकवतो — जवळचं माणूस गुंतलं असेल तर बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायचं आणि उठायचं. तोंड उघडलंही. म्हणालो, "एसी जरा कमी करता येईल का?"

का नाही सांगितलं? वहिनींसाठी आत राहिलो, असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. पण नाही. खुर्ची सोडवली नाही.

२१ मार्च

आकडा दिला.

इथे लिहीत नाही. माझ्याच वहीत लिहायला हात धजत नाही, आणि मंत्र्यांपुढे ठेवायला धजला.

पद्धत नेहमीची. चढ, अंतर, धुकं, समोरच्याची तयारी, मागच्या लढायांचे हिशेब. सचिवांनी कागद वाचला, वर बघितलं. "सोसण्याजोगा," म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मी मान हलवली. मग कुणीतरी म्हणालं की कॉफी बरी आहे आज.

घरी आलो, हात धुतले, जेवलो. भूक लागली होती, हे विशेष.

२२ मार्च

पोपटाला फोन केला.

२३ मार्च

कालचं लिहिलं पाहिजे. एका ओळीत सुटायला बघत होतो.

दुपारी, महाविद्यालयातल्या माझ्या खोलीतून, दार लावून. आधी तब्येतपाणी. मग म्हणालो, "एक काम होतं. माझा पुतण्या..." नाव सांगितलं, पलटण सांगितली. "त्याची आई एकटी असते. इकडे जवळपास कुठे शिकवायला वगैरे नेमणूक झाली तर..."

कारण तयार ठेवलं होतं. वहिनींचा रक्तदाब, गुडघे. खोटं नाही; दोन्ही आहेत. पण पोपटाने विचारलंच नाही! "एवढंच ना, सर? झालं समजा." कागद सरकल्याचा आवाज. "नकाशावाचनाच्या शाळेत एक जागा आहे. त्यांच्या ठिकाणी दुसरा कुणीतरी जाईल. सर, तुम्हीच शिकवलंत ना — माणूस बघायचा नाही, जागा बघायची."

हो. मीच शिकवलं. चौथं व्याख्यान.

पोपटाला टेकडीचं ठाऊक असावं. आवाजात एक मऊपणा होता — माहीत असलेल्या माणसाचा. फोन ठेवताना म्हणाला, "काळजी करू नका, सर. हे कुठेही जाणार नाही." अरे, चोरी केली का मी?

केली.

२७ मार्च

भोपळा आला! वहिनींचा फोन, आवाज असा की ओळखू येईना. "भावोजी, अचानक हो! शहरातच! रोज घरी जेवायला येणार म्हणतो!" देवाला हात जोडून झाले होते, शेजारणीला सांगून झालं होतं. "उद्या तुम्ही दोघं या. काही गोडधोड करते."

ही फोनजवळच उभी होती. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत राहिली. बायकोपासून काही लपत नाही. ती फक्त विचारायचं की नाही ते ठरवते. आज विचारलं नाही.

२८ मार्च

जेवायला गेलो. वहिनींनी नवी साडी नेसली होती. वाढता वाढता दोनदा म्हणाल्या, "कोणाची तरी पुण्याई." मी पानात बघत होतो.

भोपळा फार बोलला नाही. हात धुताना माझ्या मागे आला. "काका, दोन मिनिटं. बाहेर."

जिन्यात उभे राहिलो.

"मुदतीच्या मधेच बदली कुणाची होत नाही. आमचे साहेब हसून म्हणाले, वरून प्रेम आलंय. सगळ्यांसमोर म्हणाले." मग सरळच — "काका, तुम्ही केलंत?"

"मला काय माहीत? मी आता कोण आहे तिथे!"

बोललो! त्याच्या डोळ्यांत बघून. सत्तरीकडे झुकलेला माणूस, शाळकरी पोरासारखा खोटं बोललो.

त्याने मान हलवली. "माझ्या जागी एका लेफ्टनंटला धाडलंय. त्याची रजा मंजूर झाली होती. वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन होतं, बॅग भरून तयार होता. बॅग रिकामी केली, माझ्या चौकीवर गेला. मला सलाम ठोकून गेला, काका."

मी काहीतरी बरळलो — नियमात असं होतं, वगैरे.

"पाणी उतरलं की तिथे काय होणार ते आमच्या खेचरांनाही माहीत आहे," तो म्हणाला.

आतून वहिनींची हाक आली, "अरे, काकांना सोड, गोडाची वाटी तशीच राहिलीये त्यांची." आत गेलो. वाटी संपवली.

३० मार्च

वर्गात तिसऱ्या व्याख्यानाची पाळी होती. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना वाचनालयात पाठवलं. घसा ठणठणीत आहे.

१ एप्रिल

सचिवांकडे गेलो. वेळ मागून, इस्त्रीचे कपडे घालून.

म्हणालो, माझा अंदाज कमी धरला गेलाय. चढाईला वेळ जास्त लागेल, धुकं सांगता येत नाही. आकडा वाढवायला हवा. खूप वाढवायला हवा. तेवढं सोसण्याजोगं नाही, असं माझं मत आहे, आणि ते लेखी द्यायला तयार आहे.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सर, दहा दिवसांत काय बदललं? काही नवी माहिती?"

नवी माहिती एकच होती. जिन्यात मिळालेली. तिचा तक्ता काढता येत नाही.

"फेरविचार केला," म्हणालो.

"तुमच्या अंदाजावर मंत्र्यांची सही झालीये." मग एकदम मऊ आवाजात, "सर, राग मानू नका, विचारावं लागतं. तिकडे तुमच्या घरचं कुणी आहे का?"

"नाही," म्हणालो.

आणि हे खरं होतं! आता खरंच नव्हतं. शब्द न् शब्द खरा, आणि एवढी लाज मला आयुष्यात कधी कुठल्या खोट्याची वाटली नाही.

"मग प्रश्नच मिटला," सचिव हसले. दारापर्यंत सोडायला आले. जिना कठडा धरून उतरलो. पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारपण.

२ एप्रिल

हिला सांगितलं. सगळं. टाचणी, आकडा, पोपट, लेफ्टनंट. गुप्ततेची शपथ होती, मोडली. तेवढं एकच काम या महिन्यात सरळ केलं असेल.

ही भाजी निवडायची थांबली. मग म्हणाली, "पोराला ओढून आणलंत ते मीपण केलं असतं. कुणाच्याही पाया पडले असते."

मला जरा बरं वाटायला लागलं, तेवढ्यात —

"पण मग टीव्हीवर तसलं बोलले नसते."

४ एप्रिल

भोपळ्याच्या नकाशाशाळेत गेलो. तो वर्ग घेत होता. दाराच्या काचेतून बघितलं — शिकवतो चांगला. हात माझ्यासारखेच हलवतो.

वर्ग सुटल्यावर मैदानाच्या कडेच्या बाकावर बसलो. म्हणालो, "मीच केलं. त्या दिवशी खोटं बोललो."

"माहीत होतं."

"माझा एक विद्यार्थी बदल्यांच्या शाखेत आहे..." सांगितलं सगळं. आकड्याचंही. माझ्या हातचा आहे, हेही. तो ऐकत होता, बुटाच्या टाचेने मातीत खड्डा करत.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग उलट करा, काका. एक फोन करून आणलंत, एक फोन करून परत पाठवा."

"ते नाही होणार."

"का?"

"वहिनी..."

"आईला मधे आणू नका." पहिल्यांदाच आवाज चढला. "आईचं आई बघेल. तुमचं सांगा."

एवढंच सांगता आलं — "माझ्यात तेवढं नाही रे. दुसऱ्यांची किंमत मांडली, तुझी मांडता येत नाही."

तो हसला नाही, चिडलाही नाही. तेच बोचलं. म्हणाला, "तिकडे माझी चाळीस माणसं आहेत. एकाच्या आईला पत्र मी लिहून देतो, त्याला धड लिहिता येत नाही. त्यांना काय सांगू? मला काका होते, तुम्हाला नव्हते?"

उठला. टोपी नीट केली. जाताना माझ्या पाया पडला — नेहमीसारखा, वाकून. मला पाय मागे घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. आशीर्वाद मात्र तोंडातून निघाला नाही.

५ एप्रिल

राजीनामा लिहिला. समितीचा आणि महाविद्यालयाचाही. प्राचार्यांनी फोन केला, "अहो, आत्ताच? आत्ता तर तुमचं नाव झालंय!"

म्हणूनच.

पण इथेही फसवाफसवी आहे. राजीनाम्याने टेकडी जागची हलत नाही. आकडाही नाही. मी फक्त खोलीतून बाहेर आलो, हात झटकून. लेफ्टनंट आहे तिथेच आहे.

७ एप्रिल

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी — वरच्या भागात पाऊस नाही, नदीची पातळी झपाट्याने उतरतेय. कुणाच्याही लक्षात येणार नाही. ही मोठ्याने वाचायला लागली आणि मधेच थांबली.

संध्याकाळी वहिनी आल्या होत्या. हातात डबा. "तुमचं आवडतं म्हणून आणलं." भोपळा रोज जेवायला येतो, पण गप्प असतो, दोन घास कमीच खातो. "तिथली सवय मोडायला वेळ लागेल, नाही का हो? तुम्ही समजवा त्याला, भावोजी. तुमचं ऐकतो तो."

म्हटलं, समजावतो.

९ एप्रिल

सकाळी पोपटाचा फोन. "सर, काल कॅप्टनसाहेबांनी तुमचा निरोप दिला — बदली रद्द करून त्यांना परत चौकीवर पाठवायचं. कागद तयार आहे, सहीला थांबलोय. म्हटलं, सरांना एकदा विचारून घ्यावं."

मी असा काही निरोप दिला नव्हता. "नाही" म्हणायचा अवकाश होता, कागद तिथेच थांबला असता.

"हो," म्हणालो. "निरोप माझाच आहे."

"मग त्या लेफ्टनंटला रजेवर सोडू?"

"सोडा. आजच."

वहिनींकडे निघालोय. त्यांनाही हेच सांगणार — मी पाठवला म्हणून.